स्पिटफायर हातातून सुटते तेव्हा

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. रेडिओने चालणारे एक छोटे विमान तुमच्या मित्राने हाताने फेकले आहे. नियंत्रणाची पेटी, म्हणजे ट्रान्समीटर, तुमच्या हातात आहे. विमान हातातून सुटते आणि लगेच त्याचे नाक जमिनीकडे झुकू लागते. पेटीवरची दांडी आपल्याकडे ओढली की नाक वर येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही काय कराल?

दांडी ओढाल ना? मीही ओढली. विमानाने नाक वर केले, हवेत क्षणभर थबकल्यासारखे झाले, डावा पंख खाली टाकला आणि ते सरळ नांगरटीत घुसले. फेकल्यापासून जेमतेम दोन सेकंद झाली होती. चार महिने रविवारी जमून मुलांनी केलेले काम त्या ढेकळांत पडले होते. मी सगळी वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. विमान हवेत कसे तरते याचे सूत्र दर वर्षी फळ्यावर लिहितो. त्या दोन सेकंदांत मात्र ते मला आठवले नाही.

नेमके काय चुकले, हे आम्ही नंतर कागद-पेन्सिल घेऊन शोधून काढले. तोच शोध आज तुमच्यासमोर मांडतो.

आमचे विमान होते स्पिटफायर. हे ब्रिटिश लढाऊ विमान रेजिनाल्ड मिचेल या अभियंत्याच्या हाताखाली तयार झाले आणि ५ मार्च १९३६ रोजी साउदॅम्प्टनजवळच्या ईस्टली विमानतळावरून प्रथम उडाले. मिचेल पुढच्याच वर्षी वारला. आपल्या विमानाने युद्धात केलेली कामगिरी त्याला पाहायला मिळाली नाही. आपल्या हवाई दलाकडेही स्पिटफायर विमाने होती. १९४७-४८ मध्ये ती काश्मीरमध्ये वापरली गेली. दिल्लीला गेलात तर पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात एक स्पिटफायर पाहायला मिळेल. त्याचे पंख बघा. टोकाकडे निमुळते होत जाणारे लंबवर्तुळाकार पंख इतके देखणे आहेत की मुलांनी दुसऱ्या कुठल्या विमानाचा विचारच केला नाही. देखणेपणावर भाळून विमान निवडू नये, हे मी तेव्हाच सांगायला हवे होते.

खऱ्या स्पिटफायरचे पंख टोकापासून टोकापर्यंत ११.२३ मीटर आणि त्यांचे क्षेत्रफळ सुमारे साडेबावीस चौरस मीटर. आम्ही एकास दहा या प्रमाणात नमुना केला. लांबी दहाव्या हिश्श्यावर आणली की क्षेत्रफळ शंभराव्या हिश्श्यावर येते, हे तुम्ही भूमितीत शिकलाच आहात. तेव्हा आमच्या पंखांचे क्षेत्रफळ आले ०.२२ चौरस मीटर. सांगाडा फोमचा, पंखात कार्बन फायबरची नळी, नाकात विजेची मोटर, पोटात बॅटरी. तयार विमान तागडीत घातले तेव्हा भरले १.१ किलो, म्हणजे त्याचे वजन सुमारे १०.८ न्यूटन. एवढे वजन पंखांनी उचलायचे.

आता ते सूत्र पाहू या. पंखावर वरच्या दिशेने लागणारे बल, म्हणजे उत्थापक बल, काढायचे तर हवेच्या घनतेची निमपट घ्या. तिला वेगाच्या वर्गाने गुणा, मग पंखाच्या क्षेत्रफळाने गुणा आणि शेवटी एका गुणांकाने गुणा. हा गुणांक पंखाचा आकार आणि समोरून येणाऱ्या हवेशी पंखाने केलेला कोन यांवर अवलंबून असतो. कोन वाढवला की गुणांक वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच. साधारण बारा ते पंधरा अंशांच्या पुढे गेलात, की पंखाच्या वरच्या पाठीवरून वाहणारी हवा पाठीला धरून राहू शकत नाही. ती सुटते आणि तिचे भोवरे होतात. उत्थापक बल एकदम घसरते. या अवस्थेला वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. मोटारगाडी बंद पडली की आपण जे म्हणतो त्याच्याशी याचा संबंध नाही. विमानाचे इंजिन जोरात चालू असतानाही विमान स्टॉल होऊ शकते. बंद पडतो तो पंख.

आमच्यासारख्या लहान पंखाचा गुणांक फार तर १ च्या आसपास जातो. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलो धरा. आता वेगाच्या जागी सेकंदाला ९ मीटर घालून पाहा: ०.५ × १.२ × ८१ × ०.२२ × १. उत्तर येते १०.७ न्यूटन. म्हणजे सेकंदाला ९ मीटर, ताशी बत्तीसएक किलोमीटर, हा आमच्या विमानाचा किमान वेग झाला. त्याखाली कोणत्याही कोनात धरले तरी पंख विमानाचे वजन उचलू शकणार नाहीत.

मग हातातून सुटताना विमानाचा वेग किती होता? सुदैवाने एका मुलीने मोबाइलवर बाजूने चित्रण केले होते. त्यात सेकंदाला ६० चित्रे होती. विमानाची लांबी ९१ सेंटिमीटर. पाठीमागे बांधावर एक बाभूळ होती. विमानाच्या नाकाने बाभळीचे खोड ओलांडल्यापासून शेपटीने ते ओलांडेपर्यंत आम्ही चित्रे मोजली. ती भरली नऊ. नऊ चित्रे म्हणजे ०.१५ सेकंद. ९१ सेंटिमीटरला ०.१५ ने भागा: सेकंदाला सुमारे ६ मीटर. (खोडाऐवजी विमानावरच नजर ठेवून मोबाइल फिरवला असता, तर हे मोजमाप जमले नसते. चित्रण करणाराने हात स्थिर ठेवला, हे तिचे श्रेय.)

लागत होते ९, मिळाले ६. तुम्हाला वाटेल, दोन तृतीयांश वेग आहे, म्हणजे दोन तृतीयांश वजन तरी उचलले जात असेल. तसे नाही. बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सहा भागिले नऊ, त्याचा वर्ग, म्हणजे ०.४४. विमानाचे निम्मे वजनदेखील पंखांवर नव्हते! अशा वेळी नाक खाली झुकले आणि विमान खाली येऊ लागले, तर त्यात बिघाड काहीच नाही. मोटर त्याला पुढे ओढते आहे आणि त्याला वेग हवा आहे.

किती खाली येईल, याचाही हिशेब करता येतो. मोटरच्या ओढीतून हवेचा रोध वजा करून सुमारे ६ न्यूटन बल उरले असे धरू. १.१ किलोच्या विमानाला त्यामुळे सेकंदाला साडेपाच मीटर एवढा वेग दर सेकंदाला चढतो. सहावरून नऊवर जायला त्याला ०.५५ सेकंद पुरतात. तेवढ्या वेळात उत्थापक बल वाढत जाते आणि पडण्याचे त्वरण कमी होत जाते. अकरावीत गेल्यावर हा हिशेब तुम्ही स्वतः करा. विमान या काळात साधारण अर्धा मीटर खाली येते. डोक्याच्या उंचीवरून सोडलेल्या विमानाला अर्धा मीटर म्हणजे काहीच नाही. त्यानंतर दांडी अगदी हलकेच आपल्याकडे घ्यायची, की विमान सावरते आणि चढू लागते.

पण मी तो अर्धा सेकंद थांबलो नाही. दांडी ओढली. आधीच पंख मर्यादेजवळ होते. नाक वर येताच त्यांचा कोन पंधरा अंशांच्या पलीकडे गेला आणि हवेने त्यांची पाठ सोडली. उरलेसुरले बलही गेले. नाक उचलले म्हणून विमान वर जाते, ही आपली समजूत आहे. विमानाला ती लागू नाही.

आता एक शंका तुमच्या मनात आली असेल. दोन्ही पंख सारखेच असताना डावाच का पडला? याची दोन कारणे निघाली.

पहिले कारण न्यूटनच्या तिसऱ्या नियमातले. मोटर प्रॉपेलरला एका दिशेने फिरवते, तेव्हा प्रॉपेलर मोटरला, म्हणजे पर्यायाने विमानाला, उलट दिशेने फिरवू पाहतो. मागून पाहिले असता आमचा प्रॉपेलर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत होता, म्हणून विमान डाव्या अंगावर कलत होते. वेग भरपूर असला तर पंख आणि एलेरॉन ही ओढ सहज जिरवतात. वेग कमी असला तर त्यांच्यात तेवढा जोर नसतो. खऱ्या स्पिटफायरच्या वैमानिकांनाही हे भोगावे लागे. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये मर्लिन इंजिन होते आणि धावपट्टीवर विमान डावीकडे ओढ घेई. पुढे ग्रिफन नावाचे अधिक ताकदीचे इंजिन बसवले. त्याचा प्रॉपेलर उलट फिरे. वर्षानुवर्षे उजवा पाय दाबून विमान सरळ ठेवायची सवय झालेल्या वैमानिकांना आता डावा पाय दाबायला शिकावे लागले.

दुसरे कारण पंखाच्या पिळात होते. खऱ्या स्पिटफायरचा पंख सपाट नाही. धडाजवळ तो पुढून दोन अंश उचललेला असतो आणि टोकाशी जाईपर्यंत अर्धा अंश खाली झुकतो. एकूण पीळ अडीच अंशांचा. यामुळे धडाजवळचा भाग आधी स्टॉल होतो. विमान थरथरते आणि वैमानिकाला सूचना मिळते. टोकाचा भाग मात्र त्या वेळीही काम करत असतो, म्हणून विमान कलंडत नाही. नमुन्यात तर या पिळाची गरज जास्तच असते, कारण टोकाकडची पंखाची रुंदी फार कमी असते आणि अरुंद पंखाची पाठ हवा लवकर सोडते. आम्ही पीळ दिला होता. टोकाजवळ जेथे रुंदी दहा सेंटिमीटर आहे, तेथे मागची कड साधारण चार मिलिमीटर वर उचललेली होती. पण आदल्या दिवशी विमान गच्चीवर उन्हात राहिले आणि फोम नरम पडून डाव्या पंखाचा पीळ निघून गेला. चार मिलिमीटर! डोळ्यांना ते दिसलेही नाही. तेव्हापासून उड्डाणाआधी आम्ही विमान टेबलावर ठेवून दोन्ही टोकांखाली पट्टी लावून मोजतो.

तुमच्याकडे विमान नसेल, तर निराश होऊ नका. वहीच्या कागदाचे साधे विमान करा आणि त्याच्या पोटाला एक टाचणपिन, म्हणजे कागद अडकवायची वाकडी क्लिप, लावा. क्लिप अगदी नाकाशी लावून फेका, मग थोडी थोडी मागे सरकवत फेका. नाकाशी असताना विमान सरळ जाऊन लवकर खाली येईल. मागे सरकवत नेलीत, की एका जागी ते छान तरंगेल. आणखी मागे नेलीत, की ते नाक वर करील, थांबेल, खाली झेपावेल, पुन्हा नाक वर करील. तुम्ही सरकवत आहात तो विमानाचा गुरुत्वमध्य आहे. तो पुढे असला, तर झोत आला तरी शेपटी बाणाच्या पिसांप्रमाणे विमान पुन्हा सरळ करते. तो फार मागे असला, तर एकदा वर उठलेले नाक आणखीच उठते आणि हाताला सावरायला वेळ मिळत नाही.

स्पिटफायरचे नाक आखूड आहे. त्यामुळे त्याचे नमुने हमखास शेपटीकडे जड होतात. आमचेही झाले होते. धडाजवळ पंखाची रुंदी २५ सेंटिमीटर. गुरुत्वमध्य तेथे पुढच्या कडेपासून सव्वासहा-साडेसहा सेंटिमीटरवर हवा. पंखाखाली दोन बोटे टेकवून विमान तोलले तर तो आला आठ सेंटिमीटरवर. म्हणजे आमच्या पहिल्या उड्डाणात ही तिसरी चूकही होतीच. उपाय दिडकीच्या हिशेबाचा. बॅटरी १८० ग्रॅमची. ती पाच सेंटिमीटर पुढे सरकवली, तर गुरुत्वमध्य किती सरकेल? १८० गुणिले ५, भागिले ११००, म्हणजे ०.८ सेंटिमीटर. उरलेल्यासाठी मासे पकडायच्या गळाला लावतात ते शिसे ४० ग्रॅम आणून मोटरच्या मागे चिकटवले. वजन वाढले, किमान वेगही किंचित वाढला, पण तोल साडेसहावर आला. जड आणि तोललेले विमान हलक्या आणि बेतोल विमानापेक्षा बरे, असे माझे मत आहे.

दुसऱ्या प्रयत्नाला आम्ही फेब्रुवारीतली सकाळ निवडली. पहिल्या वेळी मी मुद्दाम वारा नसलेली वेळ घेतली होती. तीही अर्धवट शहाणपणाची गोष्ट होती. पंखाला जमिनीवरचा वेग कळत नाही, त्याला कळतो हवेतला वेग. समोरून सेकंदाला तीन मीटरची झुळूक येत असेल आणि हाताने सहाचा वेग दिला, तर सहा आणि तीन मिळून नऊ झाले! म्हणून विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर सोडतात. मूठभर वाळलेले गवत हवेत उडवून वाऱ्याची दिशा पाहिली. ज्वारी काढलेले रान मालकांना विचारून निवडले. आजूबाजूला विजेच्या तारा नाहीत, रस्ता नाही, हे पाहिले. ही खबरदारी घेतल्याखेरीज तुम्ही विमान बाहेर काढूच नका. तारेत अडकलेले विमान काढायला काठी घेऊन जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार देशाचे आकाश लाल, पिवळ्या आणि हिरव्या भागांत विभागलेले आहे आणि त्याचा नकाशा ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतो. विमानतळाच्या किंवा लष्करी ठिकाणाच्या आसपास राहत असाल, तर शिक्षकांच्या मदतीने तो आधी पाहा.

फेकायचे काम आम्ही शाळेच्या संघातून भालाफेक करणाऱ्या मुलाला दिले. क्रिकेटचा चेंडू टाकताना हात वर्तुळात फिरतो, तसे येथे चालत नाही, कारण सुटताना विमानाचे नाक खाली होते. भाल्याप्रमाणे सरळ रेषेत, पंख समपातळीत आणि नाक क्षितिजाच्या किंचितच वर ठेवून ढकलायचे. प्रॉपेलर हातापासून दूर राहील असे पंखाच्या मागून धरायचे. त्याची धार बोट कापू शकते. आधी तीन वेळा मोटर बंद ठेवून नुसती फेकण्याची तालीम गवताच्या गंजीवर केली. ट्रान्समीटर घेऊन तीस पावले लांब गेलो आणि सगळी सुकाणे हलतात की नाही ते पाहिले. उजवीकडे दांडी हलवली की उजवा एलेरॉन वर उठतो ना, हेही मुलांना मोठ्याने म्हणायला लावले. वायर उलट जोडल्याने पडलेली विमाने काही कमी नाहीत.

आणखी एक अडचण राहिली होती. विमान तुमच्यापासून दूर जात असताना तुमचे उजवे तेच त्याचे उजवे. ते वळून तुमच्याकडे येऊ लागले, की दोन्ही उलट होतात. वर्गात कोणालाही विचारा, हे कळते. हवेत मात्र डोके गोंधळते. याचा सराव विमानाशिवाय करता येतो. मित्राला दोन्ही हात पसरून तुमच्याकडे चालत यायला सांगा. त्याने एक हात खाली केला, की तुम्ही खाली गेलेल्या हाताच्या बाजूला दांडी हलवायची. समोरून येणारे विमान याने सरळ होते. आठवडाभर मधल्या सुट्टीत हा खेळ खेळा. रंगही मदत करतो. स्पिटफायरच्या पाठीवरचा हिरवा-तपकिरी रंग मुळात ते दिसू नये म्हणूनच दिलेला होता. आपल्याला तर ते दिसायला हवे! पण १९३९ च्या सुमारास ब्रिटिश लढाऊ विमानांची खालची बाजू डावीकडे काळी आणि उजवीकडे पांढरी रंगवत असत. जमिनीवरच्या आपल्याच तोफांनी त्यांना ओळखावे, हा हेतू. आम्ही तोच रंग दिला. इतिहासही साधला आणि काळा तो डावा, हे आकाशात लांबूनही कळू लागले.

त्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी मोटर तीनचतुर्थांश जोरावर नेली आणि मान हलवली. मुलाने विमान ढकलले. नाक झुकले. माझा अंगठा दांडीवर होता आणि तो ओढायला आसुसला होता. शेजारी उभी असलेली चित्रणवाली मुलगी मोठ्याने म्हणाली, “सर, थांबा!” मी थांबलो. विमान गुडघाभर खाली आले, त्याचा आवाज बदलला, डावीकडची ओढ मी थोड्या उजव्या एलेरॉनने मोडली आणि मग दांडी हलकेच घेतली. ते चढू लागले.

वळणे पसरट घेतली. तिरपे झालेल्या विमानाच्या पंखांना वजनाहून जास्त बल द्यावे लागते. तीस अंश कलले तर किमान वेग सात टक्क्यांनी वाढतो, साठ अंश कलले तर एक्केचाळीस टक्क्यांनी. नवाचे जवळजवळ तेरा होतात. जमिनीजवळ सावकाश उडत असताना झटकन वळवलेली विमाने पडतात ती याचमुळे. उतरताना मोटर बंद केली आणि नाक थोडे खालीच ठेवले. गुडघ्याच्या उंचीवर आल्यावर दांडी हळूहळू ओढली. ज्वारीच्या सडांत पोटावर घसरत ते थांबले. प्रॉपेलरचे एक पाते मोडले, बाकी काही नाही. उड्डाण तीन मिनिटे चाळीस सेकंदांचे झाले.

मुलांना आता ग्रिफन इंजिनाचे स्पिटफायर करायचे आहे, म्हणजे प्रॉपेलर उलट फिरवायचा. आमच्या मोटरला तीन तारा आहेत. त्यांतल्या कोणत्याही दोन अदलाबदल करून जोडल्या, की ती उलट फिरते. प्रॉपेलरही उलट पिळाचा आणावा लागेल. तसे केले, तर पहिल्या अर्ध्या सेकंदात माझ्या अंगठ्याने कोणत्या बाजूला जायचे, हे त्यांनी मला विचारले आहे.